थोरली बुडाली नाही

"मग बुडाली की नाही बुडाली? एक काय ते सांगा, सहादेवराव."

कमांडरसाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. भिंगारच्या पाण्याच्या पंपामागं सहादेवची खोली होती. एक खाट, एक स्टोव्ह आणि साहेबांसाठी मागून आणलेली खुर्ची. गेल्या दिवाळीपर्यंत खोलीत पाहुणाच येत नव्हता, म्हणून खुर्चीही नव्हती.

"न्हाई बुडाली," सहादेव म्हणाला. "थोरली कशाला बुडंल?"

"माझ्या कागदांतही तेच आहे. लढाई संपल्यावर विलायतेत मोडीत काढली. पण परवा तुमच्या गावी जाऊन आलो. तिथं जो तो सांगतो, जपान्यांनी बुडवली. तुम्ही म्हणे फळकुटाला धरून तरंगत आलात!"

सहादेवचा चेहरा उतरला. "साहेब, तुमी गावाला गेल्ता?"

"अहो, इतिहास लिहायचा तर विचारायला नको?"

साहेब नौदलातून निवृत्त होऊन भिंगारात राहायला आले होते. उमेदवारीच्या काळात ते काही महिने त्याच बोटीवर, एका मोठ्या लढाऊ क्रूझरवर, होते. तिच्याविषयी इंग्रजीत जे छापून आलं होतं त्यातलं अर्धं चुकीचं आहे, हे त्यांच्या मनानं घेतलं आणि आपण मराठीत एक चूकही नसलेला इतिहास लिहायचा असा त्यांनी ध्यास घेतला. खलाशांच्या यादीत त्यांना सहादेवचं नाव सापडलं, आणि माणूस निघाला दोन गल्ल्या पलीकडं. गोऱ्यांच्या त्या क्रूझरवर शिकाऊ स्टोकर, म्हणजे बॉयलरवरचे भट्टीवाले, म्हणून काही हिंदी पोरं घेतली होती, त्यातला हा एक. जहाजाचं इंग्रजी नाव पोरांच्या जिभेला वळेना, म्हणून ती आपसात तिला 'थोरली' म्हणायची.

नगर जिल्ह्यात समुद्राची गोष्ट करायची कुणाशी? त्यात हे साल असं, की विहिरींचे तळ उघडे पडले होते. इथं पंपावर नोकरी लागली तेव्हा सहादेवनं चहाच्या टपरीवर बॉयलरची हकीकत सांगून पाहिली होती. लोकांनी ती ऐकून घेतली आणि बोटीवर मटण मिळतं का, एवढंच विचारलं. तेव्हापासून त्यानं तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. साहेब आले आणि 'पुढच्या बॉयलरची शिडी फार अरुंद होती, नाही का?' असं म्हणाले, तेव्हा सहादेवच्या डोळ्यांत पाणीच आलं. शिडी पाहिलेला दुसरा माणूस जगात होता तर! रविवार आला, की तो सकाळपासून दाराकडं बघत बसायचा.

 आता मात्र गावचं नाव निघताच त्यानं डावा हात पुढं केला. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

"भोंगा झाला की लोखंडी दारं लावायची असत्यात. माझा हात मधी आला. तवा राजूरकडचा एक गडी रजेवर निघाला हुता. त्याला म्हनलं, नगरात आमच्याकडचं कुनी भेटलं तर सांग, सहादेवचं बोट गेलं, बाकी बरा हाय. त्यानं बाजारात एका बैलवाल्याला सांगितलं. बैलवाल्यानं दुसऱ्याला. गावात पोचलं तवा काय झालं? सहादेवची बोट गेली."

साहेब खो-खो हसले. "गेलं आणि गेली! आणि 'बाकी बरा हाय' वाटेत सांडलं! अहो, हे तर लिहिलंच पाहिजे. तुमच्या नावगावासकट. पुस्तकाच्या प्रती मी तुमच्या गावच्या शाळेला पाठवणार आहे, म्हणजे तिथलीही समजूत एकदाची दुरुस्त होईल."

सहादेव हसला नाही. साहेब गेल्यावर त्यानं खुर्ची भिंतीला लावली आणि तो खाटेवर बसून राहिला.

साहेबांना त्यानं गोजरबाईचं सांगितलं नव्हतं.

बोट गेली ही बातमी गावात आली तेव्हा त्याची बायको गोजरबाई विशीतली होती. त्या धामधुमीत सहादेवचं एकही पत्र घरी पोहोचलं नाही. दीड वर्ष वाट पाहून भावकीनंच तिला विधवा मानून पुढाकार घेतला आणि गावातल्याच मच्छिंद्रशी तिचा पाट लावून दिला. मच्छिंद्र माणूस सोन्यासारखा. लढाई संपून सहादेव गावी आला, तेव्हा ती पाणवठ्यावर उभी होती, कडेवर पोर. ती कशीबशी म्हणाली, "बोट बुडाली म्हनले समदे. बुडाली न्हवं?" सहादेवनं डावा हात कोटाच्या खिशात घातला. "व्हय," तो म्हणाला, "बुडाली." तिनं पदरानं तोंड पुसलं. तो त्याच पावली नगरला परत आला, आणि पुन्हा संसाराच्या भानगडीत पडला नाही.

सोमवारी त्यानं रजा टाकली आणि नेवाशाची एस.टी. धरली.

गावाबाहेर दुष्काळी कामावर पाझर तलाव चालला होता. बायाबापड्या पाटीनं माती वाहत होत्या. गोजरबाई पांढऱ्या केसांवर चुंबळ ठेवून बसली होती. मच्छिंद्र जाऊन चार वर्षं झाली होती. सहादेव दिसताच ती उठली, आजूबाजूला बघून बाभळीखाली आली. त्याचा डावा हात खिशातच होता.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "कोन साहेब आल्ता. त्यो म्हनला, बोट बुडालीच न्हाई. समद्यांम्होरं म्हनला."

"मग?"

"मग काय? सून तवापासून माज्याकडं बघती. काल म्हनली, आत्याबाई, मंग तुमी कशावरनं पाट लावला?" तिनं डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. "माजी पोरं लेकराबाळांची झाली. आता ह्या वयात मी लोकास्नी काय सांगू? तुमी सांगा. बुडाली न्हवं ती?"

थोरली अवाढव्य होती. वादळात कण्हायची, पण कधी दगा दिला नाही. तिच्याविषयी वावगं बोलताना सहादेवला आजही जिवावर आलं.

"त्या साहेबाला काय ठावं?" तो म्हणाला. "बोटीवर मी हुतो का त्यो हुता? बुडाली म्हंजी बुडाली. सुनंला माजं नाव सांग."

ती खाली बसली. जरा वेळानं तिनं आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली. ती दोन्ही हातांनी घ्यायची असते. त्यानं एका हातानं घेतली. गोजरबाईनं खिशाकडं पाहिलं, पण विचारलं काही नाही.

रविवारी साहेब आले तेव्हा सहादेवनं सगळं सांगितलं. साहेबांनी पेन काढलंच नाही.

"पण मी बुडाली असं लिहू शकत नाही, सहादेवराव. तेवढं मागू नका."

"मी कवा मागितलं? थोरलीला बुडवू नगा. तिचं समदं खरं लिवा. मला बुडवा."

"म्हणजे?"

"माजं नाव काडून टाका. मी तिच्यावर नव्हतोच. मग ती बुडंना का तरंगंना, गावातली बोट दुसरीच असंल. बोटी काय एक हुत्या?"

"अहो, यादीत एक माणूस कमी पडेल. आयुष्यात तेवढं एकच तर—"

"व्हय," सहादेव म्हणाला. "तेवढंच हुतं."

साहेब पुस्तकाच्या कामासाठी मुंबईला गेले, तिथंच मुलाकडं राहिले. खुर्ची ज्याची त्याला परत गेली.

पुढच्या पावसाळ्यानंतर टपालानं पुस्तक आलं. सहादेवनं पंप चालू केला आणि बाहेर पायरीवर बसून एकेक अक्षर लावत वाचायला घेतलं. बॉयलर बरोबर होते. शिडी अरुंद होती. मागं खलाशांची यादी होती, त्यात तो नव्हता. त्यानं ती दोनदा पाहिली.

मग मधल्या एका पानावर त्याला ती ओळ दिसली. 'सरावाच्या वेळी पोलादी दार मिटताना एका हिंदी स्टोकरचे बोट गेले. बाकी तो बरा होता.'

चष्मा पुसून त्यानं 'गेले' पुन्हा वाचलं. वेलांटी नव्हती, मात्राच होती. डाव्या हाताचं बोट त्या शब्दाखाली ठेवायला गेला, तर तिथं बोट नव्हतं. मग त्यानं मधलं बोट ठेवलं, आणि पंपाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही असं मोठ्यानं वाचलं, "बाकी तो बरा होता."