मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या

मी टाचण्यांची एक जुनी उशी आहे. मुठीत मावेल एवढी, लाल मखमलीची. पोटात लाकडाचा भुसा आणि पाठीला मनगटावर चढवायचा इलास्टिकचा पट्टा. आज माझी मखमल विटली आहे. तरी मित्रांनो, माझी कहाणी जरा ऐका, कारण तिच्यात एका धडधाकट दाढेचा हकनाक बळी गेला आहे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. तेव्हा दुकान नवं होतं आणि शिंप्याची बायकोही नवी होती. कुणाच्याशा झग्याच्या उरलेल्या तुकड्यातून तिने मला शिवलं आणि नवऱ्याच्या मनगटावर चढवलं. पहिली दोन वर्षं माझा थाट काय सांगू! टाचणी काढायची, कापडाला लावायची, परत माझ्यात खोचायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "उशी छान आहे हो!" आणि मी फुगून जायचे.

मग काम वाढलं, शिंप्याचे 'मास्तर' झाले. त्यांचे गुरू टाचण्या तोंडात धरायचे. "उशी शिकाऊ लोकांना. मनगटाकडे हात नेईपर्यंत तोंडातली टाचणी लागूनही जाते," असं म्हणून मास्तरांनी मला एक दिवस बटणांच्या डब्यात टाकलं. डब्याला झाकण नव्हतं, एवढंच माझं नशीब. सगळं दिसायचं.

सहा-सात टाचण्या दातांत धरून मास्तर तासन् तास काम करायचे. एकही सुटू नये म्हणून जबडा आवळलेला. पुढे पुढे तर टाचण्या नसल्या तरी दातांवर दात दाबलेलेच असायचे. बायको काजं करता करता काही विचारायची, आणि इकडे अळीमिळी गुपचिळी.

"अहो, संध्याकाळी ताईंकडे जायचं ना?"

"म्म्म."

"हे 'हो' झालं की 'नाही'?"

"म्म्म!"

मित्रांनो, शरीर आधी हळूच सांगतं. तोंड उघडताना मास्तरांच्या कानापुढे 'कट्' असं वाजू लागलं. त्यांनी कानाडोळा केला. मग सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकू लागली. जांभई आली की ते हनुवटीखाली हात धरायचे. कान दाखवला, कान स्वच्छ निघाला. मग त्यांनी त्या बाजूच्या दाढेवर संशय घेतला आणि हट्टाने ती काढून घेतली. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला! दाढ पुडीत बांधून घरी आली, दुखणं होतं तिथेच राहिलं. जेवणाचा घास चावता येईना, पातळ करून गिळायची पाळी आली. तेव्हा मास्तरांनी ठरवलं, सोमवारी शेजारची दाढही काढायची.

शनिवारी दातांच्या एक डॉक्टरीणबाई आपल्या पांढऱ्या कोटाच्या ट्रायलला आल्या. मास्तर खाली बसून कोटाची कड टाचत होते. शेवटची टाचणी लावून ते बोलायला गेले, तर कट् वाजलं आणि हनुवटी डावीकडे सरकली.

"मास्तर, किती दिवस वाजतंय हे?"

"वाजतंय होय? ते सोडा. सोमवारी दाढ काढतोय, म्हणजे सुटलो."

"आधी तोंड उघडा बघू. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का?"

दोनच गेली. बाईंनी मास्तरांच्या गळ्यातली टेप घेतली आणि वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजलं. पावणेतीन सेंटिमीटर. "चारेक तरी हवं," त्या म्हणाल्या. मग गालावर बोट दाबलं, तसे मास्तर कळवळले.

"जबड्याची दुखणी ढोबळमानाने तीन तऱ्हेची. एक, चावायच्या स्नायूंची, ते आवळून आवळून थकतात. दुसरं, कानापुढच्या सांध्यातली चकती सरकते, मग वाजतं किंवा जबडा अडकतो. तिसरं, सांध्याची हाडंच झिजतात, तेव्हा खरखर ऐकू येते. तुमचं बरंचसं पहिलं वाटतंय, थोडं दुसरं. दाढेचा एक्स-रे फोटो काढून खात्री करू, पण तोवर दाढेला हात लावू देऊ नका."

"एक काढून झालीय हो," बायको हळूच म्हणाली.

मास्तरांनी जीभ त्या रिकाम्या जागेकडे नेली असावी, कारण त्यांचा गाल हलला. मला फार वाईट वाटलं. मग बायको उठली, बटणांच्या डब्यात हात घातला, माझ्यातल्या गंजक्या टाचण्या उपटल्या आणि मला मास्तरांच्या मनगटावर चढवलं.

फोटोत दाढ निर्दोष निघाली. सोमवार टळला. गालाला गरम शेक, मऊ जेवण, लहान घास आणि एकच मंत्र: ओठ मिटलेले, दात सुटे. जित्याची खोड, हात सारखा तोंडाकडे जायचा. मग बायको नुसती खाकरायची आणि टाचणी माझ्यात यायची. तिने मापांच्या वहीत मास्तरांच्या छाती-कंबरेखाली 'तोंड: पावणेतीन' असं लिहून ठेवलं होतं. पुढे तीन झालं, साडेतीन झालं.

ज्या दिवशी चार झालं, त्या दिवशी मास्तरांनी सफरचंद कापायला दिलं नाही, सरळ चावलं. रस हनुवटीवरून ओघळला.

"आता तरी सांगा, ताईंकडे जायचं का?" बायकोने विचारलं.

"हो!" मास्तर केवढ्यांदा म्हणाले आणि पोटभर हसले. त्या हसण्यात मागची रिकामी जागा स्पष्ट दिसली. ती दाढ आता कधीच येणार नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, सांधा 'कट्' म्हणून दुखू लागला तर तेव्हाच ऐका. दातांचा चिमटा करू नका, पक्कड करू नका. टोचून घ्यायला मी आहे. तोंड घासासाठी आणि असं हसण्यासाठी राहू द्या.