पाण्याची लेकरं

प्रुमबाबाने रांजणावरचं झाकण उचललं, तसा मुखियाच्या अंगणात जमलेला सगळा गाव पुढे सरकला. पाण्यात बारीक काळे जीव वळवळत होते. बाबाने लाल दोरा बांधलेला हात रांजणावर धरला, काहीतरी पुटपुटला, आणि ते जीव झपकन तळाशी गेले.

"बघा! पाण्याची लेकरं!" बाबा गरजला. "नागराजाची प्रजा माझ्या हाताला नमस्कार करते! आणि तुम्ही? दवाखान्यातून गप्पी मासे आणलेत आणि हीच लेकरं त्यांना चारलीत. पाण्याचा जीव घेतलात. मग घरात दुखणी येणार नाहीत तर काय होईल?"

मेकाँग नदीकाठच्या त्या गावात घरटी दोन-तीन रांजण. बायकांनी भराभर हात जोडले. कुंथियानेही जोडले. घरी जाऊन तिने रांजणातले मासे काढले, तेव्हा तिची धाकटी पोर रुमदूल आडवी आली.

"आई, त्यांना कुठे नेतेस?"

"तळ्यात सोडते गं."

तळ्यात बदकं होती. त्यांनी मासे मटकावले.

पुढच्याच महिन्यात रुमदूल तापली. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणून रडायची. कुंथिया दवाखान्यात निघाली, तर सासू म्हणाली, "बाबा आहेत की!" बाबाने रांजणातलं पाणी मंतरून पाजलं. काही दिवसांनी ताप उतरला. "काय म्हणालो होतो?" म्हणत बाबा दक्षिणेची कोंबडी काखोटीला मारून गेला.

त्याच संध्याकाळी पोरीचे हातपाय गार पडले. मोटारसायकलवर मध्ये धरून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, खूप धडपड केली. मग बाहेर येऊन हळूच म्हणाले, "ताई, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो. हा ताप पसरवणारा डास साठवलेल्या पाण्यात वाढतो. तुमच्या रांजणात मासे नव्हते का?"



पोर गेल्याच्या सातव्या दिवशी भिक्षूंचं जेवण झालं. भांडी घासायला पाणी घ्यावं म्हणून तिने झाकण काढलं. ओगराळ्याची सावली पडली आणि वळवळणारे जीव झपकन तळाशी गेले. ती थबकली. ते पुन्हा वर आल्यावर तिने नुसता हात धरला. पुन्हा तेच. ना मंत्र, ना दोरा.

तिने थोडं पाणी काचेच्या बरणीत भरलं आणि तोंडाला मच्छरदाणीचं फडकं बांधलं.

बाबाचा पुढचा दरबार भरला, तेव्हा ती बरणी घेऊन पुढे गेली. पायातली चप्पल काढली आणि रांजणावर धरली. सगळी लेकरं तळाशी!



"माझ्या चपलेलाही नमस्कार करतात, बाबा," ती म्हणाली. "डासांच्या अळ्या आहेत या. सावली पडली की बुडी मारतात. आणि हे बघा, मोठी झालेली तुमची लेकरं." बरणीवरच्या फडक्याखाली पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे डास बसले होते.

"पोर गेली म्हणून हिचं डोकं फिरलंय!" बाबा ओरडला.

"फिरलंच होतं. मासे फेकले तेव्हा."

म्हाताऱ्या मुखियाने मुकाट्याने आपलीही चप्पल काढली आणि शेजारच्या रांजणावर धरून बघितली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबाने बोचकं आवरलं आणि पलीकडच्या गावाची वाट धरली. रांजण तिथेही होते, अळ्याही होत्या.

कुंथिया आता दारोदार गप्पी मासे देत फिरते. काही दारं तिला बघून बंद होतात. सासू अजूनही म्हणते, बाबाला दुखावलं म्हणून घराला पीडा लागेल. कुंथिया वाद घालत नाही. जी बाई दार उघडते तिला एवढंच सांगते, "देवाला खुशाल हात जोड. पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तो स्वतः करून बघ. मीही करून बघितला गं, पण पोरीला जाळून आल्यावर."