रिझर्व्हवर चालवलेली गाडी

लाहूची दोन बोटं माझ्याच टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात होती आणि शिकंज्याचा दांडा भिकाच्या मुठीत. रोशनशेठनं मुद्दाम डावा हात निवडला होता. "गिअरचा हात," तो मला म्हणाला. "गाडी माझी, गिअर माझा, आणि पेट्रोल हा विकतो."

तलासरीत हायवेला लागून माझं गॅरेज आहे. एप्रिल २०१७, भर दुपार, शटर अर्धं ओढलेलं. रोशनशेठचा डहाणूत खडीचा धंदा आणि भिका त्याचा माणूस, म्हणजे मारायचा माणूस. लाहू त्याचा ड्रायव्हर, जवळच्या उधवा गावचा. त्याला गाडी मीच शिकवली होती, ही नोकरीही मीच लावून दिली होती.

आणि हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं. चार दिवसांपूर्वी शेठचा फोन आला. टर्बो पेट्रोल गाडी, दोन वर्षांची. हायवेला दाबली की झटके देऊन बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते. माझं डोकं तेव्हा एका ट्रकच्या क्लचमध्ये होतं. मी म्हणालो, "कोणीतरी पेट्रोल काढून रॉकेल ओतलं असेल." उचलली जीभ लावली टाळ्याला. गाडी बघितली नाही, काही विचारलं नाही, आणि ती गाडी लाहू चालवतो हेसुद्धा त्या क्षणी आठवलं नाही.

लाहूला यातलं काही ठाऊक नव्हतं. "दशरथदादा, मी नाय काढला पेट्रोल," तो म्हणाला. ओठ फाटला होता त्याचा. "महालक्ष्मीची आन."

मी शेठला बाजूला घेतलं. "शेठ, फोनवर मी उगाच बोललो. आधी गाडी बघू द्या." लाहूला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोललो. एवढी अक्कल मला तेव्हा बरोबर सुचली.

"तुझा माणूस म्हणून आता फिरलास काय?" शेठनं भिकाकडे नुसतं बघितलं. भिकानं दांडा पाव वेढा फिरवला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि मग लाहू ओरडला.

मी टाकीतून नळीनं थोडं पेट्रोल काढलं आणि कोऱ्या कागदावर थेंब टाकला. रॉकेल असलं की तेलकट डाग राहतो. कागद वाळला, डाग नाही. शेठच्या नाकासमोर धरला.

"आज साफ भरून आणलं असेल. नाहीतर गाडी बंद का पडते ते सांग."

प्रश्न बरोबर होता, याचाच मला संताप आला. मी बॉनेट उघडून पेट्रोलच्या लाइनला गेज जोडलं. टाकीतला पंप पेट्रोल किती जोरात पुढे ढकलतो ते त्यावर दिसतं. उभ्या गाडीला साडेतीन किलोचा दाब, अगदी ठीक. पण टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, पेट्रोलचा जोर मागतो तो रस्त्यावर. "हायवेला न्यावी लागेल," मी म्हणालो.

शेठनं घड्याळ बघितलं. "चल. भिका, अर्ध्या तासात आलो नाही तर पूर्ण आवळ. हातच नको याला."

गेज बाहेरून काचेवर चिकटवलं, नळी बॉनेटच्या फटीतून आत. शेठ शेजारी बसला. अच्छाडच्या दिशेनं चौथा गिअर टाकून मी पाय पुरा दाबला. टर्बोनं पाठीत धक्का दिला आणि काटा पडायला लागला. तीन. दोन. दीड. गाडीनं दोन झटके दिले आणि मेली. मागून ट्रेलरचा भोंगा. मी स्टिअरिंग दुभाजकाकडे ओढलं, ट्रेलर डावीकडून आमचा आरसा घेऊन गेला आणि काचा उघड्या खिडकीतून शेठच्या मांडीवर पडल्या.

"बघितलंत?" मी ओरडलो. "पंप गेलाय! लाहूचा संबंध नाही. भिकाला फोन करा!"

शेठनं दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. घाबरला होता तो, आणि ते मी बघितलं याचाच राग त्याला आला. त्यानं माझ्या नाकावर ठोसा मारला. "माझा जीव घेत होतास. आधी गाडी चालू कर, मग फोन."

सतरा मिनिटं गेली होती. तापलेला पंप थंड होऊन चालायला दहा मिनिटं लागतात आणि परतायला दहा. भिकाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी डिकीतून पाना काढला तसा खाली उतरलेला शेठ दोन पावलं मागे सरकला. खरं सांगतो, त्याच्या डोक्यात घालावा असंच मला वाटलं होतं. पण मी गाडीखाली शिरलो. "चावी मारा!" ओरडलो आणि खालून टाकीवर पाना आपटला. अडकलेला पंप कधीकधी अशा दणक्यानं शेवटचा फिरतो. आपटत राहिलो, नाकातलं रक्त कानात जात होतं. कितव्या तरी दणक्याला इंजिन सुरू झालं. टर्बो जागा होणार नाही अशा बेतानं, बैलगाडीसारखी गाडी परत आणली.

पोचलो तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता, आणि भिका वेळेचा पक्का निघाला. लाहू गुडघ्यांवर होता, हात वर शिकंज्यात, मान लोंबलेली. मी दांडा उलटा फिरवला. बोटं चपटी झाली होती. तोंडावर पाणी मारलं, हाताला धुतलेलं फडकं गुंडाळलं.

"गाडी चालू झाल्याशिवाय कोणी हलणार नाही," शेठ म्हणाला. भिका शटरखाली उभा राहिला.

दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी वापीहून आणलेला तसाच नवा पंप माझ्याकडे पडून होता. मागची सीट उचलली, झाकण काढलं, वायर सोडवली, रिंग फिरवून जुना पंप बाहेर ओढला. काळा पडला होता, जळका वास मारत होता. टाकीच्या तळाशी जेमतेम पेट्रोल होतं.

"लाहू, पेट्रोल किती भरता रे?"

"शेठ रोज सकाळी डब्यातून पाच लिटर ओततं," तो भिंतीला टेकून म्हणाला. "जास्त असला तर मी चोरीन म्हणं. काटा लालच्या वर कधी नाय गेला."

हा पंप पेट्रोलात बुडलेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. दोन वर्षं तो कोरडाच तापत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता. मी पंप शेठच्या पुढ्यात आपटला. "हा तुम्ही जाळलात, शेठ. तुमच्या पाच लिटरनं."

मारेल असं वाटलं होतं. पण शेठ हसला. "आणि रॉकेल ओतलं असेल, हे फोनवर मला सांगितलं कोणी? माझ्या डोक्यात तरी होतं का ते?"

लाहूनं माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून नवा पंप बसवला. चावी मारताच गाडी चालू झाली, आवाज स्वच्छ. शेठ स्वतः चालवत निघून गेला, भिका शेजारी.

लाहू उठला, माझ्याजवळ आला आणि उजव्या हातानं माझ्या कानाखाली वाजवली. फुटलेल्या नाकातून पुन्हा रक्त आलं.

"शेठ मारतं, ता माना माहीत होता," तो म्हणाला. "तू गाडी बघलास पन नाय."

मी स्कूटर काढली. "बस. दवाखान्यात जाऊ." तो बसला नाही. फडक्यातला हात छातीशी धरून हायवेच्या कडेनं चालायला लागला. मी स्कूटर बंद केली आणि ढकलत त्याच्या मागून गेलो. दवाखान्याच्या दारापर्यंत त्यानं एकदाही मागे बघितलं नाही.