दसरूभाऊंची पाठ

मंगलीबाईंचं पोस्टकार्ड मला होळीनंतरच्या आठवड्यात आलं, आणि सात आठवडे मी त्याला उत्तर दिलं नाही. पोस्टमनने ते आधीच वाचलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मजकूर बाईंनी सांगितलेला, आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींनी तो त्यांच्याच बोलीत उतरवलेला.

"जलालुद्दीन सायेब, तुमी सोमारीले काढलं. आता येते ते बाई वही भरते. म्हाताऱ्याच्या पाठीले जखम झाली. येऊन पाहा, नाई त सोमारीले परत पाठवा. का तुमाले फक्त वहीच पाहता येते?"

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर, २००३ साली, एका संस्थेने मला काम दिलं. वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे ही संस्था सेविका पाठवत असे. ती सेवा कशी चालते हे घरोघर जाऊन तपासायचं आणि गुण द्यायचे. संस्थेचा सचिव प्रफुल्ल, आमच्याच कॉलेजात शिकलेला, म्हणाला, "सर, तुम्ही तटस्थ आहात." मला नाही म्हणणं जमत नाही. खरं सांगायचं तर कोणीतरी विचारलं, याचं बरंही वाटलं होतं.

फॉर्मवर पाच रकाने होते: वेळ, स्वच्छता, औषधं, कूस बदलणं, नोंदी. प्रत्येकी वीस गुण.

दसरूभाऊंकडे मी डिसेंबरात गेलो होतो. जन्मभर जंगलखात्याची लाकडं ओढलेला माणूस. लकवा मारल्यापासून त्यांची वाचा गेली होती, एक बाजू गेली होती. त्यांची सेविका सोमारी त्याच टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, तीन घरं सोडून राहणारी. मी वही मागितली. तिने आणून दिली. कोरी होती. पहिल्या पानावर संस्थेचा शिक्का, बस.

"दर दोन तासांनी कूस बदलवता?"

"बदलवतो ना, भाऊ."

"लिहिलेलं नाही."

"लिवता येत नाई मले. बाबाले इचारा." आणि मग तिलाच हसू आलं, कारण बाबांना बोलता येत नव्हतं.

"मले इचारा ना!" मंगलीबाई आतून ओरडत बाहेर आल्या. "मी का भिंत हाये?"

"घरच्या माणसाचा शब्द धरता येत नाही, बाई. फॉर्मवर तसं छापलंय."

"मंग फॉर्मलेच पाजा पानी," त्या म्हणाल्या, आणि म्हाताऱ्याच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करू लागल्या. "पाहा, पाठ पाहा. एक फोड नाई. दोन वर्सं झाले पडून."

मी मान फिरवली. परक्या माणसाचं उघडं अंग, त्याची बायको शेजारी, मला कसंतरीच झालं. "राहू द्या, राहू द्या," म्हणत मी चष्मा पुसत बसलो. घरी येऊन वेळेला शून्य दिलं, औषधांना शून्य, कूस बदलण्याला शून्य, नोंदींना शून्य. स्वच्छतेचे बारा दिले. महिनाभरात सोमारीला काढलं.

पोस्टकार्ड आल्यावर मी उत्तराचे कितीतरी मसुदे केले. प्रत्येकात "प्रक्रियेनुसार" हा शब्द येत होता. मग मी ते फाडत होतो. एकदा हाजराने, माझ्या बायकोने, ते तुकडे केराच्या डब्यातून काढून जुळवून वाचले.

"अजी, जन्मभर पुस्तकांवर शिक्के मारले तुम्ही. माणसांवर मारायला कोणी सांगितलं होतं?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"तुम्हाला कळतं ना? मग जा. इथे बसून कागद काय फाडता!"

वैशाखात एका दुपारी मी जीपने गेलो. मंगलीबाई ओट्यावर मोहफुलं निवडत होत्या. त्यांनी मला पाहिलं, आणि परत फुलांकडे पाहू लागल्या. पाणी विचारलं नाही. मी उभाच राहिलो.

"आले काऊन? वही पाहाले?"

"तुमचं कार्ड मिळालं होतं."

"कधी?"

मी सांगितलं. त्या हसल्या, ते हसू ऐकून मला तिथून निघून जावंसं वाटलं. "तवा जखम रुपयाएवढी होती," त्या म्हणाल्या.

नवी सेविका सीता आत होती. नीटनेटकी, दहावी झालेली मुलगी. तिने न मागता वही पुढे केली. सुंदर अक्षर. दहा वाजता उजवी कूस, बारा वाजता डावी, दोनला उजवी, चारला डावी. मी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा झाले होते.

"चारची नोंद आत्ताच?"

सीता लाजली नाही. चिडली. "पाच गावं हायेत मले, सर. जीप एकच. एकच्या जीपनं नाई गेली त बाकीचे चार म्हातारे उपाशी. नाई भरली वही त तुमीच गुन कापता ना? सोमारीचे कोनं कापले?"

मी वही मिटून तिला परत दिली. तिचं चुकत होतं, पण तसं तिला सांगण्याची माझी लायकी नव्हती.

"इकडं या," मंगलीबाईंनी आतून हाक मारली. "आज मान नोका फिरवू."

त्यांचे हात संधिवाताने वाकडे झालेले. सीतेने आणि मी मिळून दसरूभाऊंना कुशीवर घेतलं. किती हलके होते. माकडहाडाच्या वर तळहाताएवढी जखम होती. कडा काळ्या पडलेल्या, मधे खोल, ओली. वास आला. दसरूभाऊंचा शाबूत डोळा भिंतीवर खिळलेला होता आणि घशातून एकसारखा बारीक आवाज येत होता.

"दवाखान्याची नर्स पट्टी करून जाते," मंगलीबाई म्हणाल्या. "पट्टी का कूस बदलवते? माह्या हातानं पान्याचा गुंड उचलत नाई, म्हातारा कसा उचलू? सोमारी घडीघडी येत होती. आता घाला गुन. घाला वीस!"

दुसऱ्या दिवशी मी प्रफुल्लकडे गेलो. त्याने मला बसायला सांगितलं, पण समोरची फाइल मिटली नाही.

"सर, तिला तुमच्या सहीवर काढलंय. तो अहवाल नागपूरला देणगीदारांकडे गेला. त्यांनी तुमचं कौतुक केलं."

"माझा अहवाल चूक होता. सोमारीला परत घ्या."

"तोंडी? सोमवारी बैठक आहे, सीतेला कायम करायचं ठरलंय. तोंडी गोष्टींवर आम्ही माणसं बदलत नाही." तो जरा हसला. "लिहून द्या ना. 'मी रुग्णाला पाहिलंच नाही, वही पाहून गुण दिले.' देता लिहून? मला ते सगळ्या सभासदांपुढे वाचावं लागेल. कॉलेजचे प्राचार्यही आहेत त्यात. विचार करा. या वयात कशाला?"

मी उठलो. वाटेत मला त्याचं म्हणणं पटतही होतं. आपण उगीच लुडबुड करतोय, असं तर मला नेहमीच वाटत आलंय. पण सोमवारपर्यंत मी गप्प बसलो तर दसरूभाऊंना कोण वळवणार, याचं उत्तर वाटेत कुठेच मिळालं नाही.

घरी येऊन लिहायला बसलो. संस्थेचं पत्र एकाच बैठकीत झालं. त्यात मी लिहिलं की मी पाठ पाहिली नव्हती, वही पाहून गुण दिले होते, आणि सोमारीला परत घ्यावं. हेही लिहिलं की जिथे सेविकेला लिहिता येत नाही तिथे शेजाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरच्यांना विचारावं, रुग्णाचं अंग तपासावं, आणि पाच गावं एका सेविकेला देऊ नयेत. ते मी स्वतः नेऊन दिलं आणि कारकुनाकडून पोच घेतली. प्रफुल्ल आत होता. बाहेर आला नाही.

मग मंगलीबाईंचं. त्याला तास लागला.

"मंगलीबाई, तुम्ही पाठ दाखवत होतात आणि मी पाहिली नाही. सोमारीबाईंचे गुण मी चुकीचे दिले. संस्थेला तसं लेखी दिलं आहे, नक्कल सोबत आहे. गुरुजींकडून वाचून घ्या. सोमवारी अकरा वाजता बैठक आहे. सोमारीबाईंना घेऊन या, जीपचं मी बघतो. ते वाचतील तेव्हा मी तिथे उभा राहीन. उत्तराला उशीर केला, त्यात दसरूभाऊंना जे भोगावं लागलं त्याला मी जबाबदार आहे. जलालुद्दीन."

हाजराने वाचलं आणि घडी घालून पाकिटात ठेवलं.

पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर रांग होती. माझ्या आधीच्या माणसाने दोनदा मला मागे ढकललं, आणि नेहमीसारखं मी मागे झालो. तिसऱ्यांदा झालो नाही. कारकुनाने पाकीट वजनकाट्यावर टाकलं, तिकिटं चिकटवली, आणि माझ्यासमोर शिक्का मारून, "शनिवारी मिळेल" म्हणत, ते गुरुवारच्या थैलीत सोडलं.