ओढा जातो कुठे

गावाबाहेरच्या ओढ्यावरचा पूल खचला आणि नगरपालिकेच्या इंजिनिअरबाईंच्या डोक्यात भुंगा शिरला.

तसं काम सरळ होतं. पैसा पालिकेचा, जमीन पालिकेची, ठेकेदारही गावातलाच. ओढ्याच्या मधोमध एक खांब उभा करायचा आणि उन्हाळ्यात काम उरकायचं. आराखडा बाईंनी स्वतःच काढला होता.

"केंद्राची परवानगी लागते का, ते बघायला हवं," बाई म्हणाल्या.

"केंद्राची? अहो, त्यांचा पैसा घेतला की मागोमाग त्यांचे कायदेही येतात. म्हणून तर दमडी घेतली नाही!" नगराध्यक्ष खुशीत होते.

त्यांचं म्हणणं खरं होतं, पण अर्धंच. केंद्राचा पर्यावरण कायदा गावात पैशाच्या वाटेने यायचा, तसा पाण्याच्याही. डोंगरापलीकडची मोठी नदी दोन राज्यांतून वाहायची, म्हणून ती केंद्राच्या अखत्यारीत. तिला मिळणारा प्रत्येक ओढाही तसाच. पण हा ओढा तिला मिळतो कुठे? पुलाखालून निघून तो जुन्या दगडखाणीपाशी एका भोकात गडप व्हायचा. पुढे नकाशा कोरा.

"जमिनीत मुरतो, झालं," नगराध्यक्ष म्हणाले. "ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात."

"मूळ कुठे शोधतेय साहेब? मी शेवट शोधतेय."

सुट्टीच्या दिवशी बाई नवऱ्याला घेऊन खाणीवर गेल्या. भोकाशी पालथ्या पडून त्यांनी कान लावला. आत खोलवर पाणी कुठेतरी घाईने निघालं होतं. मुरणारं पाणी असं धावत नाही.

"कपडे बघ तुझे!" नवरा म्हणाला. बाईंचं लक्षच नव्हतं.

डोंगरापलीकडे, अगदी नदीकाठी, त्यांच्या आत्याचं घर होतं आणि अंगणात बारमाही झरा. बाईंनी भूजल खात्यातल्या मित्राला गाठलं. रीतसर कळवून त्याने हिरवा रंग आणला, पोटात गेला तरी अपाय न करणारा, आणि तो भोकात ओतला.

"आत्या, झऱ्यावर लक्ष ठेव. रंग दिसला की फोन कर."

"या वयात मला पाण्याची राखण?" आत्या करवादली. पण खुर्ची मात्र तिने अंगणात नेली.

दिवसांमागून दिवस गेले. आत्याचा फोन यायचा तो गुडघेदुखीचा. बाईंना वाटू लागलं, आपण उगाच हवेत तीर मारतोय. पालिकेच्या सभेत ठेका मंजूर व्हायची वेळ आली, तेवढ्यात फोन वाजला. गडबडीत बाईंच्या हातून स्पीकरचं बटण दाबलं गेलं.

"अगं ए! झरा हिरवागार झालाय! आणि तसाच नदीत चाललाय! मी पांढऱ्या चादरी भिजवल्या होत्या, त्यांचं आता काय करू?"

सभागृहात आधी हशा पिकला, मग सगळे नगराध्यक्षांकडे बघू लागले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "म्हणजे आपला ओढा नदीचाच," ते पुटपुटले. "करा अर्ज."

बाई खूश झाल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. आता आपला आराखडाही तपासला जाणार.

तसंच झालं. केंद्राची माणसं आली, ओढ्यात उतरली आणि म्हणाली, पाण्यात खांब नको. खोदकामाचा गाळ भोकातून थेट झऱ्यात जाईल. ते पाणी आत्या पीत होती! बाईंना हे सुचलंच नव्हतं. आराखडा त्यांनी निमूटपणे गुंडाळला आणि काठापासून काठापर्यंत एकाच कमानीचा नवा काढायला घेतला.

परवानगीला वर्ष लागलं. तोवर गावाला लांबचा वळसा पडला, आणि भाजी घेतानासुद्धा बाईंना बोलणी खावी लागली. त्यांनी ती ऐकून घेतली.

कमान उभी राहिली त्या संध्याकाळी नगराध्यक्ष कठड्याशी बराच वेळ ओढा बघत थांबले.

"बाई, इथून डोंगरापलीकडे जायला पाण्याला इतके दिवस का लागले हो? मधे एखादं तळं असेल का?"

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "कुणास ठाऊक. उद्या येता का खाणीवर?"

"येतो की," नगराध्यक्ष म्हणाले, "पण जुने कपडे घालून."