रुख्माबाईला चालेल असा पोपट

रुख्माबाईला शिंक आली की ती एकटी येत नसे. सातच्या सात यायच्या, ओळीने, आणि तिसरीला कुडापलीकडून शेजारची धुरपताबाई ओरडायची, "झाल्या का वो, का आहेत अजून?" कामठा गावात या शिंकांची सगळ्यांना सवय होती. घरात कोंबड्या होत्या तोवर तर दिवस शिंकांनीच उजाडायचा. शेवटी गोंदियाच्या डॉक्टरांनी तिच्या हातावर टोचून टोचून तपासणी केली आणि पक्ष्यांच्या पिसांची, त्यातल्या भुकटीची अॅलर्जी आहे असं सांगितलं. कोंबड्या धुरपताबाईकडे गेल्या, शिंका निम्म्यावर आल्या.

आणि अशा या बाईला साठाव्या वर्षी पोपट पाहिजे होता.

लेक रेणू रायपूरला नर्स. तिने फोनवर सहज विचारलं, "माय, साठ वर्षं पूर्ण होऊन राहिले, काय पायजे तुले?" तिला वाटलं, माय साडी सांगेल, फार तर मिक्सर.

"पोपट पायजे," रुख्माबाई म्हणाली. "बोलनारा. माह्या नावानं हाक मारनारा."

पलीकडे रेणू हसली, पण इकडे हसण्यासारखं काही नव्हतं. रुख्माबाईचं नाव घरातून कधीच नाहीसं झालं होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती सून झाली, मग वहिनी झाली, मग रेणूची माय झाली आणि तिथेच राहिली. नवरा बकाराम तिला एकोणचाळीस वर्षं 'अवो' म्हणत आला होता. त्यांच्या वयाच्या माणसांत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, ते काही बकारामचं एकट्याचं पाप नव्हतं. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा त्याने एकदा नाव घेतलं होतं, तेही अर्धं गिळलं. माहेरी मात्र मोठा भाऊ होता, तो आठवड्याला फोन करायचा आणि पहिला शब्द 'रुख्मा' असायचा. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. भावाचं दुःख तर होतंच, पण तेरवी आटोपून घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आता आपल्याला रुख्मा म्हणणारं जगात कोणी उरलं नाही. त्या दिवशी ती चुलीपुढे बसून खूप रडली आणि बकारामला सांगितलं, धूर गेला डोळ्यात.

हे सगळं ती कोणाला सांगत बसली नाही. पोपट पाहिजे, एवढंच सांगितलं.

बकाराम भडकला. तो सालेकशाकडच्या जंगलात तीस वर्षं वनमजूर होता. साहेबासोबत बाजारात जाऊन त्याने लोकांच्या पिंजऱ्यातले राघू सोडवले होते, बोटांवर चावे सोसत. "आपल्या देशाचा राघू पिंजऱ्यात पारनं गुन्हा आहे, मालूम आहे ना? मी लोकायचे पिंजरे उघडले अन आता माह्याच ओसरीत पिंजरा टांगू?"

"मंग दुसऱ्या देशाचा आना," रुख्माबाई म्हणाली. "तो चालते कायद्यात. रेणूनं पायलं मोबाइलवर."

"अन शिंका?"

"शिंका माह्या आहेत. मी पाहीन."

डॉक्टरही काही बरं बोलले नाहीत. पाळूच नका, म्हणाले. रुख्माबाई खुर्चीवरून हलली नाही तेव्हा त्यांनी चष्मा काढला. काही जाती पिसांतून पांढरी भुकटी फार झाडतात, त्या तर अजिबात नकोत. काही कमी झाडतात. आणायच्या आधी दोन-तीनदा जाऊन त्याच पक्ष्याजवळ तासतासभर बसा. छातीत घरघर झाली, दम लागला, की विषय बंद. हे शेवटचं त्यांनी बकारामकडे बघून सांगितलं, कारण रुख्माबाई मान डोलावणार नाही हे त्यांना कळलं होतं. बकारामने डोलावली.

गोंदियात दुर्गाप्रसाद नावाचे एक गृहस्थ घरीच विदेशी पक्ष्यांची पैदास करायचे. रेणूने त्यांच्याशी बोलून दिवस ठरवला. आता ठरवून दुसऱ्याच्या घरी बघायला जायचं म्हणजे नवरी बघायला जाण्यासारखंच झालं. रुख्माबाईने पेटीच्या तळातली जरीची साडी काढली, तोंडाला पावडर लावली, मानेला लावली, उरली ती बकारामच्या मानेला लावली. बकारामनेही पेटीतला कोसा रेशमाचा सदरा घातला. वाटेत पाव किलो पेढेही घेतले.

दुर्गाप्रसादांनी दार उघडलं आणि रुख्माबाईने सातही शिंका त्यांच्या उंबऱ्यावरच देऊन टाकल्या.

"अरे राम," ते म्हणाले. "अम्मा, पंछी तो अभी दिखाया भी नहीं."

आत तर कहरच झाला. पिवळ्या तुऱ्याचा कॉकटिएल दाखवला, सात शिंका. हिरवा लव्हबर्ड दाखवला, सात शिंका. रिकामा पिंजरा दाखवला, तरी सात. बकारामच्या चेहऱ्यावर मनातून बरं वाटल्याचं स्पष्ट दिसत होतं. "चाल," तो म्हणाला, "झालं पाहून."

पण दुर्गाप्रसादांच्या बायकोने, शांतीबाईने, नाक वर करून हवेत वास घेतला. मग ती रुख्माबाईच्या पदराजवळ आली, मग बकारामच्या सदऱ्याजवळ. "डांबरगोली!" ती म्हणाली. "और ऊपर से इतना पावडर! इनको तो मैं भी सूँघूँ तो छींक आए."

तिने रुख्माबाईला न्हाणीत नेलं, तोंड-हात धुवायला लावले आणि स्वतःची धुतलेली सुती साडी नेसायला दिली. बकारामला दुर्गाप्रसादांचा बनियन मिळाला. तो त्याला पोटावर घट्ट झाला आणि तो दिवसभर पेढ्यांचा पुडा पोटापुढे धरून बसला.

"अब बैठो आराम से," दुर्गाप्रसाद म्हणाले.

पुन्हा कॉकटिएल आला. काय शीळ घालायचा तो! रुख्माबाई खूश झाली. दुर्गाप्रसादांनी काळं फडकं आणून त्याच्या पाठीवरून हलकेच फिरवलं आणि तिच्यापुढे धरलं. फडक्यावर पीठ चाळल्यासारखी पांढरी भुकटी. "ये देखो अम्मा. ये रोज झाडेगा, नहला के भी झाडेगा. इसकी जात ही ऐसी है." पाच मिनिटांत रुख्माबाईचे डोळे लाल झाले. कॉकटिएल गेला.

मग त्यांनी सांगितलं की आतल्या खोलीत एक राखाडी पोपट आहे, आफ्रिकेचा, बोलण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, पण भुकटीतही नाही, तेव्हा तो दाखवण्यात अर्थ नाही. ते बोलत होते तेवढ्यात आतून हाक आली.

"शांती! ए शांती! चाय रख!"

आवाज हुबेहूब दुर्गाप्रसादांचा, आणि दुर्गाप्रसाद तर समोर तोंड मिटून बसलेले. शांतीबाई हसत म्हणाली, "दिनभर यही करता है. ये मुझे बुलाते हैं ना, इन्हीं से सीखा."

रुख्माबाई उठली आणि कोणाला न विचारता आत गेली. राखाडी पोपटाने मान तिरकी करून तिला पाहिलं. लाल शेपटीचा, शहाण्या डोळ्यांचा, अगदी तालेवार पक्षी. "शांती," तो पुन्हा म्हणाला, इतक्या मायेने, की रुख्माबाईला क्षणभर शांतीबाईचा हेवा वाटला. मग खूप वाटला. तिने पिंजऱ्याजवळ तोंड नेलं. "रुख्मा म्हन," ती म्हणाली. "म्हन ना रे. रुख्मा."

तो काही बोलायच्या आत तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. डांबरगोळ्या नव्हत्या, पावडर नव्हती, शिंकसुद्धा आली नाही. नुसता दम. बकारामने तिला दंडाला धरून अंगणात आणलं, पिशवीतला दम्याचा पंप तिच्या तोंडात धरला आणि तिचा श्वास खाली येईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला. "मरशील," तो म्हणाला. "एका पाखरापायी मरशील. घरी चाल."

"अजून एक राहिलं आहे पहाचं," ती म्हणाली.

बकाराम तंबाखूचा खर्रा आणायला कोपऱ्यावर गेला.

तो शेवटचा म्हणजे कॉन्युअर जातीचा छोटा पोपट. मैनेएवढाच, हिरवा, गालाला मातकट डाग, डोळ्यात खोड्या. तो थेट रुख्माबाईच्या पदरावर चढला आणि तिथून खांद्यावर. काळं फडकं फिरवलं, तर कोरंच्या कोरं निघालं. ती बसली, पाव तास झाला, शिंक नाही. त्याने तिच्या कानातल्या कुड्या ओढून पाहिल्या, मग केसांत तोंड खुपसून झोपला.

"याले बोलाले येते का?" तिने विचारलं.

दुर्गाप्रसाद खरं बोलणारा माणूस होता. "नहीं अम्मा. झूठ नहीं बोलूँगा. ये चिल्लाता है, खेलता है, प्यार बहुत करता है. कोई-कोई एकाध शब्द बोल लेता है, वो भी साफ नहीं. जो साफ बोलते हैं, उनमें से जो मेरे पास हैं, वो आपको जमते नहीं."

रुख्माबाईने खांद्यावरच्या झोपलेल्या गोळ्याकडे पाहिलं. जे पाहिजे होतं ते आतल्या खोलीत होतं आणि तिथे तिचा श्वास चालत नव्हता. तिचे डोळे भरून आले. पण हे येडं आपल्या केसांत घर करून निजलं आहे, त्याला कसं उठवायचं, हेही तिला कळेना.

बकाराम परत आला तेव्हा ती म्हणाली, "हाच. याच्यानं काही होत नाही मले."

"बोलते का पन?"

"बोलते ना," रुख्माबाई म्हणाली, दुर्गाप्रसादांकडे न बघता. "पन लय शिकवा लागते. अन बाईमानसाच्या आवाजात नाही शिकत म्हनते. गडीमानसानंच शिकवा लागते."

दुर्गाप्रसादांनी छताकडे पाहिलं. शांतीबाईला एकदम चहाची आठवण झाली.

आणखी दोनदा जाऊन ती तासतासभर बसली, सुती साडीत, काही झालं नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि नाइलाजाने बरं म्हटलं. बकारामने दुर्गाप्रसादांकडून एकूण एक कागद मागून घेतला, उलटसुलट वाचला, शिक्का उन्हात धरून पाहिला आणि मगच पिंजरा उचलला.

पिंजरा ओसरीत, निजायच्या खोलीपासून लांब. साफसफाई बकारामकडे, कारण डॉक्टरांनी रुख्माबाईला पिंजऱ्याखालच्या ट्रेला हात लावायची बंदी केली होती. त्यामुळे सकाळी तो तिथे, संध्याकाळी तो तिथे. पहिले चार दिवस त्याने पाखराला 'राम राम' शिकवलं.

"राम राम कायले?" रुख्माबाई आतून म्हणाली. "माह्यं नाव शिकवाचं होतं ना?"

बकारामने गल्लीकडे पाहिलं. मग पिंजऱ्यात तोंड घालून, चोरासारखं, तो पुटपुटला, "रुख्मा."

"क्र्यॅक," पाखरू म्हणालं.

आत रुख्माबाई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. पोळी तव्यावर करपली तरी तिला पत्ता नव्हता.

मग ते रोजचंच झालं. पहिल्या आठवड्यात तो कुजबुजायचा, दुसऱ्यात जरा मोठ्याने, आणि महिन्याभरात तर धुरपताबाईला ऐकू जाईल इतक्या आवाजात "रुख्मा! बोल, रुख्मा!" ती कुडावरून म्हणाली, "काय वो, तुमच्या घरी म्हतारपनी मजा आहे." रुख्माबाईने तिच्याकडे कोंबड्यांची चौकशी केली आणि विषय बदलला. पाखरू काही बोलत नव्हतं. ते बकारामची टोपी कुरतडायचं आणि त्याच्या मिशीत दाणे शोधायचं. रुख्माबाईला कधी कधी आपण फसवतो आहोत याची टोचणी लागायची. मग सकाळ व्हायची, ओसरीतून नाव ऐकू यायचं आणि टोचणी संध्याकाळवर जायची.

तिसऱ्या महिन्यात पाखराची पिसं गळायला लागली. रुख्माबाईला एका दुपारी तीन शिंका आल्या. बकाराम गावात गेलेला बघून तिने दुर्गाप्रसादांना फोन लावला. आता हे परत द्यावं लागेल का, एवढंच तिने विचारलं.

"नहीं नहीं अम्मा, पंख बदल रहा है," ते म्हणाले. "रोज नहलाओ, ओसरी गीले कपड़े से पोंछो, दो-तीन हफ्ते आप जरा दूर रहो. दम लगे तो डॉक्टर के पास जाना. सब पंछी को होता है." मग ते हसले. "और काका कैसे हैं? सिखाना बंद किया कि नहीं?"

"नाही जी. रोज शिकवतात."

"कमाल है. उन्होंने तो पहले ही हफ्ते फोन करके पूछा था, कितने दिन में बोलेगा. मैंने साफ बता दिया, काका, ये बोलनेवाला नहीं. मेहनत मत करो."

रुख्माबाईने फोन ठेवला. पहिल्याच आठवड्यात. म्हणजे बकाराम कुजबुजत होता तेव्हाच त्याला माहीत होतं.

संध्याकाळी बकाराम आला. हातपाय धुतले, ट्रे धुतला, ओसरी पुसली, आणि पिंजऱ्यापुढे स्टूल ओढलं. रुख्माबाई दाराच्या आत उभी होती.

"रुख्मा," तो म्हणाला. "रुख्मा."

"काय जी?" रुख्माबाई म्हणाली.

बकाराम दचकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुले नाही," तो म्हणाला. "पाखराले म्हनून राहिलो."

"मालूम आहे," रुख्माबाई म्हणाली आणि उंबऱ्यावर टेकली. "अजून एकदा म्हना. त्याले आयकू नाही आलं."