मागची सीट

"चाकाकडे बघू नकोस. चाक कुठं पळून जात नाही. जिथं जायचंय तिथं बघ!"

वन्संचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, पलीकडच्या गल्लीत राहणारी. मला सायकल त्यांनी शिकवली, तीही लग्नानंतर, तिशीला टेकले होते तेव्हा. त्या शाळेत खेळ शिकवायच्या, त्यामुळे मायेचं बोलणंही मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडल्यासारखं. मागून सीट धरून पळायच्या आणि मी पडले की म्हणायच्या, "छान. जमीन कुठं आहे ते कळलं. आता ऊठ."

मी मुळातच हळू आवाजाची. त्यात माझा एक नेम आहे. जाग आल्यापासून सूर्य पुरता वर येईपर्यंत मी बोलत नाही. ह्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाहेरच्या थंड बाकावर बसून मी देवाला शब्द दिला होता. ह्यांना घरी आण, रोजची पहिली वेळ तुझी. त्या वेळेत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. हे घरी आले. तेव्हापासून तापात, प्रवासात, पाहुण्यांच्या गर्दीतही नेमात खंड पडला नाही. हे चेष्टेनं म्हणतात, "देवानं जीव दिला तो दिला, वर रोज सकाळची शांतता दिली. एवढं कुठल्या नवऱ्याला मिळतं?" वन्संनी माझं नावच मौनीबाई ठेवलं.

पोटापाण्यासाठी मी वेबसाइट बनवते. खिडकीजवळ टेबल, त्यावर दोन स्क्रीन, आणि मांजर बसू नये म्हणून की-बोर्डवर टाकलेला टॉवेल. आमच्या कामाचं संसारासारखंच असतं. बटण दाबल्यावर पान उघडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. उघडलं नाही की मात्र लगेच माझा फोन वाजतो. दिवसभर असल्या न दिसणाऱ्या गोष्टी सांभाळल्या, की संध्याकाळी हातांना काहीतरी खरंखुरं हवंसं वाटतं. म्हणून सायकल. नुसती चालवायची नाही, उघडायची, साखळी धुवायची, पंक्चर काढायचं. सुरुवातीला मी चाक जागच्या जागी पुन्हा पुन्हा फिरवून बघायचे, तर वन्संनी हातावर चापट मारली होती. "अगं, कॉम्प्युटर आहे का तो? बंद करून चालू केला की बरा व्हायला?"

सुट्टीच्या दिवशी उन्हं उतरली की आम्ही दोघी कालव्याच्या काठानं जायचो. बंधाऱ्यापर्यंत जायचं दर वेळी ठरायचं, आणि दर वेळी पहिल्या पुलावरच गप्पा रंगून परत फिरायचो. गप्पा म्हणजे त्या बोलायच्या. बंधारा कुठं जातोय, असं दोघींनाही वाटायचं.

मागच्या वर्षी वन्संच्या डोळ्यांनी हात टेकले. आधी त्या सायकलसकट कुंपणात शिरल्या आणि कुंपणालाच रागावल्या. मग जिन्याची शेवटची पायरी चुकू लागली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसतंय, तेही हळूहळू जाईल. उजेड फार झाला तर डोळ्यांत सुया टोचल्यासारखं होईल. वन्सं शाळेतल्यासारख्या ताठ बसून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर मात्र व्हरांड्यातल्या भिंतीला हात लावून थांबल्या.

"बंधाऱ्यावरून पाणी पडताना बघायचं राहूनच गेलं की गं."

"मी नेईन तुम्हाला," मी म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

"तुझे शब्द मोजके," त्या म्हणाल्या, "म्हणजे हा खरा असणार."

शब्द देताना एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. दिवसाचं ऊन त्यांना सोसत नाही. संध्याकाळी त्या रस्त्यावर आता वाळूचे ट्रक सुरू झालेत. उरली फक्त पहाट. आणि पहाट मी आधीच देऊन बसले होते.

ह्यांना भंगारवाल्याकडे एक दोन सीटची सायकल मिळाली. पुढच्यानं हँडल धरायचं, पॅडल दोघांनी मारायचं. हे ती अंगणात उलटी करून ठोकाठोकी करत बसले. "नणंद-भावजय एका सायकलवर," ते म्हणाले, "म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. मी ब्रेक नवे घालतोय."

मी माझ्या परीनं मार्ग काढला होता. पुढच्या माणसानं मागच्याला रस्ता सांगायचा असतो, तर तो मी घंटीनं सांगेन. एक टिंग डावीकडे, दोन टिंग उजवीकडे, तीन म्हणजे खड्डा. आदल्या दिवशी मी वन्संकडून ते सगळं पाठ करून घेतलं. नेमही राहील, शब्दही राहील, असं वाटून मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

त्या पहाटे आम्ही निघालो. गार वारा होता, रस्ता रिकामा. मागून वन्संचे पाय चांगले जोरात चालत होते, सायकल नुसती धावत होती.

"आता काय गेलं बाजूनं? कुत्रं होतं का?"

मी काय सांगणार?

"पाण्याचा वास येतोय. कालवा लागला का?"

टिंग.

"हे 'डावीकडे' झालं, का 'हो' झालं?"

मी पुन्हा एकदा घंटी वाजवली. त्यामुळे ते उजवीकडे झालं. वन्सं उजवीकडे कलल्या, मी डावीकडे, आणि सायकल कालव्याच्या कठड्याला घासून उभी राहिली. लागलं कुणालाच नाही. पण वन्संनी पॅडलवरचे पाय काढले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या आपल्या घरापर्यंत चालत आल्या. मी दोन्ही हातांनी सायकल ढकलत होते. वन्सं गप्प आहेत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

फाटकाशी आलो तोवर सूर्य वर आला होता. आता मला बोलता येत होतं. मी सायकल भिंतीला टेकवली.

"मी माणूस आहे का पोस्टाचं पार्सल?" वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागला. "तुझ्या देवाशी माझं भांडण नाही. नेम मोड असं मी म्हणणारही नाही. पण अंधारात बसून नुसतं वाहून नेलं जायला मी येणार नाही. जाऊ दे. शब्दातून तुला मोकळं केलं."

मोकळं केलं म्हणाल्या, आणि माझ्या छातीवर दगड ठेवून गेल्या. देणाऱ्याला असं कुणी परस्पर मोकळं करतं का? त्यानंतर हे दोनदा बोलवायला गेले. दोन्ही वेळा वन्संना "जरा काम" होतं. दिवसभर पडदे ओढून खुर्चीत बसणाऱ्या बाईला कसलं काम? हे नुसते मान हलवून परत आले.

त्या दिवसांत मी एका रोपवाटिकेची वेबसाइट करत होते. मालक मोठे हौशी. शेकडो फोटो पाठवले आणि वर म्हणाले, "मजकुराच्या फंदात पडू नका, बाई. फोटो स्वतःच बोलतात." फोटो खरंच देखणे होते. मी ते रांगेत लावले, रंग जुळवले, पान चालू करून दिलं. प्रत्येक फोटोच्या मागं एक ओळ लिहायची असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण ज्यांना फोन पान वाचून दाखवतो त्यांना ती ऐकू येते; नसली, तर फोन नुसतं फोटोच्या फाइलचं नाव वाचतो. ती ओळ आमच्या धंद्यात सगळेच "शेवटी करू" म्हणून ठेवतात. शेवटी तर पुढचं काम येतं.

एका संध्याकाळी वन्सं अचानक आल्या. हे त्यांना आणायला गेले नव्हते. भिंतीला हात लावत लावत एकट्याच आल्या होत्या, आणि तसं कुणी म्हणू नये म्हणून आल्या आल्या ह्यांच्या चहाला नावं ठेवायला लागल्या.

"खिडकीत एखादं वासाचं रोप ठेवावं म्हणते. दिसलं नाही तरी कळेल तरी. तुझ्या त्या रोपवाटिकेचं पान लाव गं फोनवर, मी ऐकते."

मी पान उघडून फोन त्यांच्या हातात दिला. फोनमधली बाई वाचू लागली.

"चित्र. आय एम जी चार शून्य सात. चित्र. आय एम जी चार शून्य आठ. बटण. बटण. चित्र."

हे कपात चमचा ढवळत होते, ते थांबले.

"बटण," बाई म्हणाली. "चित्र."

वन्सं हसायला लागल्या. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, चहाचा कप ह्यांनी हातातून काढून घेतला. "अगं मौनीबाई! तुझं पान पण मौनात बसलंय!"

हेही हसले. मीही हसले, पण तोंड कुठं लपवू असं झालं होतं. हसणं ओसरल्यावर वन्संनी फोनच्या काचेवरून बोट फिरवलं. "केवढी रोपं असतील नाही यात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना दिसत असतील."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. "वन्सं, हे आत्ताच करू. मी लिहिते, तुम्ही ऐका." पहिला फोटो उघडला आणि लिहिलं, 'सुंदर गुलाब'. वाचून दाखवलं.

"सुंदर आहे का नाही ते मी ठरवीन," वन्सं म्हणाल्या. "तू आहे काय ते सांग."

मी पुन्हा नीट पाहिलं. हा फोटो मी कितीदा हाताळला होता, कापला होता, उजळ केला होता. पाहिला मात्र नव्हता. "मातीच्या लहान कुंडीत गुलाब," मी म्हणाले. "एक फूल उमललेलं. पिवळं. कडांना केशरी, जसं काही कुणी बोट बुडवून फिरवलंय. शेजारी दोन कळ्या, घट्ट मिटलेल्या. एका पानाला भोक आहे."

"अळीनं खाल्लंय?"

"हो, वाटतंय तसं."

"हां," वन्सं म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. "आता दिसला."

पुढचा फोटो, आणि त्याच्या पुढचा. जाईचा वेल आला तेव्हा त्यांनी तो खिडकीसाठी ठरवूनही टाकला, तरी उठल्या नाहीत. कुठं मी "मोहक" म्हटलं की मांडीवर चापट. कुठं घाईत रंग सांगायचा राहिला की "मग तो काय पारदर्शक आहे का?" ह्यांनी केव्हातरी दिवा लावला. इतकी वर्षं मी मोजकं बोलत आले, तो माझा गुण समजत होते. त्या संध्याकाळी कळलं, की मोजकं बोलायचं म्हटलं तरी आधी समोरचं पुरतं पाहावं लागतं.

निघताना वन्सं दारात चपला शोधत म्हणाल्या, "त्या सायकलची मागची सीट फार करकरते. ह्याला सांग, तेल घाल म्हणावं."

"ताई, कुणासाठी घालू?" ह्यांनी विचारलं.

"सायकलसाठी!" मैदानावरचा आवाज परत आला होता. "गंजेल नाहीतर."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दिवा लावून देवासमोर बसले. मनात धाकधूक होती. ज्याच्याकडून पदरात एवढं घेतलं, त्याच्याशी घासाघीस करायची म्हणजे साधी गोष्ट नाही. मनातल्या मनातच म्हणाले, ही वेळ तुझीच आहे, मी ती परत मागत नाही. या वेळेत माझं काही बोलणार नाही. माझं गाऱ्हाणं नाही, माझं मत नाही, कुणाची उणीदुणी नाहीत. तू जे जे करून ठेवलंयस, तेवढंच, जसं आहे तसं, वन्संना सांगेन. हे तुझ्या हिशेबी मौन मोडणं असेल, तर त्याचं जे काय व्हायचं ते माझ्या माथी येऊ दे. त्यांच्या नको, ह्यांच्या नको.

देवानं उत्तर दिलं नाही. तोही तसा माझ्यासारखाच, मितभाषी. पण उठताना मला वाटलं तेवढं जड वाटलं नाही.

हे अजून झोपले होते. मी अंगणात जाऊन दोन सीटची सायकल भिंतीपासून सोडवली. मागची सीट तळव्यानं दाबून पाहिली. करकरली नाही. ह्यांनी रात्रीच तेल घालून ठेवलं होतं. वन्संसाठी एक शाल कॅरिअरला बांधली आणि फाटक आवाज न करता लावलं.

रस्त्यावर आले आणि पुढच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत या वेळी मी माझा आवाज ऐकला नव्हता.

"रस्ता मोकळा आहे," मी म्हणाले. आवाज घोगरा आला. खाकरून पुन्हा सुरू केलं. "दिवे अजून चालू आहेत. डाव्या हाताला दूधवाल्याची गाडी उभी आहे, तिच्या टपावर एक मांजर पाय पोटाशी घेऊन बसलंय. आभाळाच्या खालच्या कडेला फिकट पांढरी रेघ आलीय. अजून उजाडलं नाही, पण उजाडेल."

मागची सीट अजून रिकामीच होती. पुढं वन्संच्या गल्लीचं वळण दिसलं, तसं मी तेही सांगितलं, आणि वळले.